मारीचाचे भय आणि मारीचाची हाक

सीताहरणाच्या आख्यानात मारीच थोडाच वेळ येतो, पण पुढचा सगळा अनर्थ त्याच्या भीतीतून घडतो. वाल्मीकींनी ही भीती नीट उभी केली आहे. विश्वामित्रांच्या यज्ञात विघ्न आणायला गेलेला मारीच रामाच्या अस्त्राने शंभर योजने दूर समुद्रात जाऊन पडला. पुढे दंडकारण्यात मृगरूपाने दोन साथीदारांसह तो पुन्हा रामावर चालून गेला. ते दोघे मेले, हा कसाबसा निसटला आणि तापस होऊन राहिला. अरण्यकांडाच्या ३९व्या सर्गात तो रावणाला सांगतो, की झाडाझाडात वल्कले नेसलेला धनुर्धारी राम दिसतो. रत्न, रथ असे शब्द कानी पडले तरी अंगाला कापरे भरते. कीर्तनकार बहुधा हा भाग सोडून थेट सुवर्णमृगावर येतात. त्याने मारीच नुसता कपटी ठरतो, आणि आख्यान पातळ होते.

सीतेला पळवू नकोस हा त्याचा सल्ला ऐकून रावण आधी एकदा लंकेला परतला होता. शूर्पणखेने डिवचल्यावर तो पुन्हा आला, तेव्हा अर्ध्या राज्याचे आमिष होते आणि ‘नाही म्हणालास तर आजच मारीन’ ही धमकीही. इकडे आड, तिकडे विहीर. रावणाच्या हातून मरण्यापेक्षा रामाच्या हातून मेलेले बरे, असे ठरवून मारीच निघतो; निघताना रावणाला कुळाच्या नाशाची स्पष्ट जाणीव करून देतो.

सुवर्णमृग होऊन तो आश्रमाजवळ चरू लागतो. रानातली खरी हरणे जवळ येतात, हुंगतात आणि दाही दिशांना पळतात. सीता भुलली तरी जनावरे भुलली नाहीत. लक्ष्मणालाही हा मारीचच असल्याचा संशय येतो.

खरा पेच ४४व्या सर्गात आहे. बाण वर्मी लागल्यावर रावणाची धमकी संपलेली असते. मरणाऱ्याला कोण मारणार? तरीही मारीच रावणाचे बोल आठवून रामाच्या आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारतो. मृगरूप घेणे सक्तीचे होते. ही हाक मात्र त्याची स्वतःची आहे. तुलसीदासांनी त्याला अंतकाळी रामस्मरण आणि सद्गती दिली. भक्तीच्या अंगाने ते योग्यच. पण सद्गती सांगताना हाक गाळली, तर सीतेवर अन्याय होतो. कीर्तनात हाकेच्या वेळी पेटी-तबला थांबवावा, म्हणजे लक्ष्मणाला घालवून देणारी सीता श्रोत्यांना कळते.

धाराशिव जिल्ह्यात या हाकेनंतरची कथा गावांच्या नावांनिशी सांगितली जाते. येडशीजवळच्या रामलिंगाच्या दरीत रावण-जटायूचे युद्ध झाले, असे लोक मानतात. तेथे जटायूची समाधी दाखवतात. येरमाळ्याची येडेश्वरी म्हणजे सीतेच्या रूपात रामाची परीक्षा पाहायला आलेली पार्वती. तुळजापुरात घाटशिळेवर उभ्या असलेल्या भवानीने रामाला लंकेची वाट दाखवली. या तिन्ही ठिकाणचा राम सीतेला शोधणारा राम आहे, आणि तो आश्रमापासून दूर गेला तो मारीचामागे. येडशीच्या श्रोत्यांना जटायू पाठ असतो, म्हणून तेथे कीर्तनाचा उत्तररंग, म्हणजे आख्यानाचा भाग, बहुधा त्याच्यापासूनच सुरू होतो. निदान तेथे तरी मारीचाचे भय आणि त्याची हाक ही दोन्ही जटायूच्या आधी यावीत.