‘उत्कृष्ट दर्जा’ लिहिल्याने शेळी खपत नाही

आठवडी बाजारात उस्मानाबादी शेळी विकायला आणलेला माणूस गिऱ्हाइकाला ‘उत्कृष्ट दर्जा’ असे कधीच सांगत नाही. तो जबडा उघडून दात दाखवतो. दुसऱ्या वेताची आहे, मागच्या खेपेला दोन पाटी दिल्या, कास चाचपून बघा, म्हणतो. मग भावाचे बोलणे सुरू होते. हाच माणूस घरी येऊन फेसबुकवर शेळी टाकतो तेव्हा मात्र लिहितो, ‘प्युअर उस्मानाबादी, टॉप क्वालिटी, माफक दर, इच्छुकांनी संपर्क साधावा.’ खाली विचारणा सुरू होते: किंमत? वजन? गाव कोणते?

धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला विकता येत नाही, हे कुणी सांगू नये. विकायची भाषा त्याच्या तोंडात पिढ्यान्‌पिढ्या आहे. हातात मोबाइल आला, की ती बाजूला ठेवून तो लग्नपत्रिका आणि सरकारी निविदा यांच्या मधली एक भाषा उचलतो. हल्ली तर मजकूर लिहून देणारी ॲप्स आली आहेत. त्यांना दोन शब्द दिले की विशेषणांचा पाऊस पडतो आणि पेढा ‘परंपरेचा गोड वारसा’ होतो. त्यापेक्षा ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही जुनी पाटी बरी. ती निदान काहीतरी ठोस सांगते.

शेळीचेच बघा. उस्मानाबादी ही मान्यताप्राप्त देशी जात. रंग बहुतांशी काळा, जुळ्या करडांचे प्रमाण चांगले, कोरड्या हवेत आणि कमी चाऱ्यावर तगणारी. हे घेणाऱ्याला आधीच माहीत असते, म्हणून तर तो शोधत आलेला असतो. त्याला हवी असते ती समोरच्या एका शेळीची माहिती. ‘दुसरे वेत, खाली दोन पाटी, काट्यावर वजन 34 किलो, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस झाली, कळंब तालुका, किंमत अमुक’ एवढे लिहिले की अर्ध्या चौकशा वाचतात आणि फोन येतो तो खरोखर घेणाऱ्याचा. सोबत दातांचा एक आणि कासेचा एक, असे दोन फोटो. फुलांच्या चौकटीची आणि हात जोडलेल्या चित्राची काही गरज नाही.

खव्याची गोष्ट जास्त गंभीर आहे. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेलाही मिळाले. सोलापूर–धुळे महामार्गावरून जाणारा प्रवासी या खव्याच्या पेढ्यासाठी गाडी थांबवतो, ते चवीच्या लौकिकावर. पण पुण्यात किंवा हैदराबादेत बसून ऑनलाइन मागवणाऱ्याला चव घेता येत नाही, त्याला फक्त मजकूर दिसतो. आणि त्या मजकुरात बहुधा एकच शब्द असतो: शुद्ध.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत बिअर विकणारे सगळेच कारखानदार ‘शुद्ध’ हाच शब्द मोठमोठ्या अक्षरांत छापत होते. श्लिट्झ कंपनीची जाहिरात लिहिण्याचे काम जाहिरातलेखक क्लॉड हॉपकिन्सकडे आले, तेव्हा तो आधी कारखाना बघायला गेला. पाण्याच्या खोल विहिरी, हवा गाळून घेतलेल्या काचेच्या खोल्या, पुन्हा पुन्हा धुतल्या जाणाऱ्या बाटल्या त्याने पाहिल्या. हे जाहिरातीत का सांगत नाही, असे विचारल्यावर मालक म्हणाले, यात विशेष काय, सगळेच असे करतात. हॉपकिन्सने नेमके तेच लिहिले. पाचव्या क्रमांकावरची श्लिट्झ काही महिन्यांत पहिल्या क्रमांकाच्या बरोबरीला आली, असे त्याने 1927 च्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. जाहिरातवाल्याच्या आत्मस्तुतीची थोडी वजावट केली, तरी धडा घेण्याजोगा आहे.

खव्याच्या भट्टीवर सांगण्यासारखे काय कमी आहे? किलोभर खव्यासाठी म्हशीचे साधारण चार ते पाच लिटर दूध आटवावे लागते. दूध कोणत्या गावांतून येते, कढईत किती वेळ आटते, भट्टी लाकडावर चालते की वाफेवर, पेढ्यात साखर किती, फ्रिजशिवाय तो किती दिवस टिकतो, पार्सल कोणत्या वारी निघते हे सगळे मालकाला पाठ असते. तेच लिहायचे.

‘शुद्ध’ लिहिण्यात आणखी एक गोची आहे. अन्नपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांबाबतच्या 2018 च्या नियमांनी ‘नैसर्गिक’, ‘ताजे’, ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ अशा शब्दांच्या वापराला अटी घातल्या आहेत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुन्हा तसेच केले तर 50 लाखांपर्यंत. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकलेली जाहिरातही जाहिरातच, हे अनेकांच्या गावीही नसते.

जागेचाही हिशेब आहे. रोमन लिपीतला एक एसएमएस 160 अक्षरांचा असतो, देवनागरीतला अवघा 70 चा. ‘उत्कृष्ट’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरी दिसतो, पण काना-मात्रा आणि जोडाक्षरांचे तुकडे वेगळे धरून यंत्र त्याची आठ अक्षरे मोजते. म्हणजे काहीच न सांगणारा शब्द सगळ्यात महाग पडतो. फेसबुकवरही मोबाइलच्या पडद्यावर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचे ‘आणखी पाहा’च्या आड जाते. त्या ओळी ‘नमस्कार मित्रांनो’त घालवू नयेत, वस्तू, किंमत आणि ठिकाण तिथेच यावे.

ठिकाणावरून आठवले. 2023 मध्ये उस्मानाबादचे नाव बदलून धाराशिव झाले, पण शेळीच्या जातीचे नाव उस्मानाबादीच राहिले आहे आणि बाहेरगावचे कित्येक जण अजून जुन्याच नावाने शोधतात. पत्त्यात ‘धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद)’ असे लिहिले तर दोन्हीकडचे गिऱ्हाईक सापडेल. हा वादाचा नाही, धंद्याचा प्रश्न आहे.

बचत गटांच्या बायकांना लोणची, पापड, वेष्टन, परवाना, बँकेचे कर्ज या सगळ्यांचे प्रशिक्षण मिळते. जाहिरात लिहायचे सहसा मिळत नाही. तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि ‘उमेद’ अभियान यांनी पुढच्या प्रशिक्षणात त्यासाठी एक दिवस राखावा. प्रत्येकीने आपला माल आणावा, समोरचीने गिऱ्हाईक होऊन प्रश्न विचारावेत आणि दिलेली उत्तरे जशीच्या तशी मोबाइलवर टाइप करून घ्यावीत.