नदीकाठचे शेत : हौस की जबाबदारी?

पन्नाशी उलटली की आपल्या व्यवसायातील माणसाला जमीन आठवू लागते. रक्तदाब, मुलांचे प्रवेश आणि दवाखान्याचा वरचा मजला हे विषय संपले की अलीकडच्या स्नेहसंमेलनांत जो विषय हमखास निघतो, तो कुणाच्या तरी नदीकाठच्या तुकड्याचा. कोणी कालीसिंधच्या काठी घेतलेला असतो, कोणी क्षिप्रेकडे, तर कोणी माझ्यासारखा घाट उतरून थेट नर्मदेवर. त्यामागोमाग सेंद्रिय शेती येते, देशी गाय येते, सौर दिवे येतात आणि हल्ली गोव्याला जाऊन आलेल्यांच्या बोलण्यात कयाकही येते. एकट्याने बसून, दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची ती निमुळती नाव. हे सारे ऐकताना मला आनंद होतो आणि थोडी भीतीही वाटते. ती भीती कशाची, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने स्पष्टपणे मांडावे असे योजले आहे.

पवारांच्या मागोमाग धार-देवासला आलेल्या आपल्या घराण्यांना जमीन नवी नाही. परंतु पणजोबांच्या जमिनीत आणि आपल्या जमिनीत एक मूलभूत भेद आहे. त्यांचे घर जमिनीवर चालत असे, आपले दवाखान्यावर चालते. सोयाबीन पिवळे पडले म्हणून आपल्या मुलीची फी थांबत नाही. ही फार मोठी सवलत आहे आणि बांधापलीकडच्या शेतकऱ्याला ती नाही. ज्याला ती आहे त्याने नदीकाठी जमीन घेतली, तर विषाविना शेती करून पाहण्याचा धोका त्याने पत्करावा. आणि आपला काठ तारेच्या कुंपणाने बंद न करता गावातल्या मुलांसाठी, नावेसह व सुरक्षिततेच्या सर्व साधनांसह, खुला ठेवावा, असे माझे मत आहे. ही दोन कामे मी वेगळी मानत नाही. ज्या पाण्यात आपण मूल उतरवतो, त्या पाण्यात आपण काय सोडतो याचा विचार मग टाळता येत नाही.

हे मत मला पुस्तकातून सुचलेले नाही. सांगताना संकोच वाटतो, परंतु ते माझ्याच चुकीतून आले आहे. सहा वर्षांपूर्वी धरमपुरी तहसिलीत अडीच एकर घेतले आणि पहिल्याच उन्हाळ्यात एक जुनी प्लास्टिकची कयाक आणली. लाइफ जॅकेट एकच, माझ्या मापाचे. सकाळी तासभर वल्हवून मी नाव अर्जुनाच्या झाडाला बांधली आणि जेवायला गेलो. रखवालदाराचा नऊ वर्षांचा मुलगा व त्याचा मावसभाऊ यांनी दोरी सोडली. काठापासून पंचवीस-तीस हातांवर नाव उलटली. मावसभाऊ नावेला धरून राहिला. हा खाली गेला. कपडे धूत असलेल्या एका आजींनी आरडाओरडा केला आणि एका केवटाने केसांना धरून पोराला वर काढले. खोकला, उलटी, मग रडणे. ते रडणे ऐकून माझे पाय लटपटले. आठ तास त्याच्या उशाशी बसून श्वास मोजत होतो. तीस वर्षे आयांना पाण्याच्या हौदावर झाकण ठेवायला सांगणारा मी, मुलांच्या वाटेवर बिनकुलपाची नाव ठेवून जेवायला गेलो होतो.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. नर्मदेच्या काठी जन्मलेल्या त्या मुलाला पोहता येत नव्हते. त्याच्या आजोबाला येत होते, बापाला थोडेफार. याला मुळीच नाही. आईने पाण्याकडे जाऊच दिले नव्हते. आणि तिचे अगदीच चुकले होते असेही मला म्हणता येत नाही. 

नदी पूर्वीसारखी राहिलेली नाही. पूर्वी पाणी पावसाने चढे आणि उन्हाने उतरे. आता ते वरच्या धरणांतील वीजनिर्मितीप्रमाणे चढते-उतरते. देवास जिल्ह्यातील धाराजीची घटना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ७ एप्रिल २००५ च्या रात्री भुतडी अमावास्येच्या जत्रेसाठी हजारो लोक नदीपात्रात उतरले होते, आणि इंदिरासागर धरणातून सोडलेले पाणी कसलीही पूर्वसूचना नसताना येऊन पोहोचले. साठांहून अधिक माणसे गेली. आभाळात ढग नव्हता. याच्या उलट, ऑगस्ट २०२२ मध्ये धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या बांधकाम चालू असलेल्या धरणातून पाणी झिरपू लागले, तेव्हा खालची गावे वेळीच रिकामी केली गेली आणि माणसे वाचली. सूचना मिळणे आणि न मिळणे यांतले अंतर इतके असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली आणि त्यांतील जवळजवळ एक-चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. आपण लसीकरणाचे तक्ते पाठ म्हणतो, अतिसाराच्या प्रत्येक बाळाला क्षारसंजीवनी देतो. पण 'याला पोहता येते का?' हा प्रश्न आपल्या केसपेपरवर कुठेही नसतो. माझ्याही नव्हता. लहानग्यांना पाण्यापासून अडसराने दूर ठेवणे आणि शाळकरी वयात पोहायला शिकवणे, हे उपाय त्या संघटनेनेच सांगितले आहेत. त्यांतील दुसऱ्यासाठी काठ लागतो, आणि काठ तर आता आपण विकत घेत सुटलो आहोत.

आता शेतीकडे वळतो. सेंद्रिय शेतीविषयी आपल्या बैठकांत जे गोड बोलले जाते त्याच्याशी मी सहमत नाही. ही शेती सोपी नाही आणि पहिली काही वर्षे ती तोट्याचीच असते. माझा गहू पहिली दोन वर्षे शेजाऱ्याच्या निम्माही नव्हता. खरगोन जिल्ह्यात, नर्मदेपलीकडे कसरावदला, बायोरे या संस्थेच्या शेतावर २००७ पासून स्विस संशोधन संस्थेच्या साहाय्याने सेंद्रिय व रासायनिक पद्धतींची शेजारी-शेजारी तुलना करण्यात आली. पहिल्या दोन वर्षांच्या फेरीत सेंद्रिय कापूस आणि गहू दोन्ही एक-चतुर्थांशाहून अधिक कमी उतरले. पुढच्या दोन वर्षांत ते रासायनिकच्या बरोबरीला आले. पण त्याचे एक कारण रासायनिक शेतांचेच उत्पन्न घटले हे होते, हेही प्रामाणिकपणे नोंदवलेले आहे. खर्च कमी असल्यामुळे त्या दुसऱ्या फेरीत हातात पडणारा पैसा मात्र सेंद्रिय शेतात जास्त होता. याचा अर्थ एवढाच की, पहिली दोन वर्षे ज्याला सोसता येतील त्यालाच हा प्रयोग परवडतो. अल्पभूधारकाला 'रसायने सोड' असा उपदेश करण्याआधी ती दोन वर्षे आपण स्वतः सोसून दाखवावीत, हे बरे.

आणि हे ज्ञान परदेशातून आलेले आहे असा जो समज आहे, तोही पुसायला हवा. १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड आपल्या शेजारी इंदूरलाच होते. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक दिवसांनी उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची जी रीत त्यांनी बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. आपल्या समाजाच्या गौरवांच्या याद्या मी बऱ्याच वाचल्या आहेत. त्यांत मला हे नाव अद्याप भेटलेले नाही. असो.

नदीकाठच्या सेंद्रिय शेताची एक अडचण मात्र हॉवर्डसाहेबांच्या शेताला नव्हती. अशा शेताला तीन बाजूंनी बांध असतो, चौथ्या बाजूला नसतो. वरच्या साऱ्या गावांचे पाणी त्या बाजूने येते. सप्टेंबर २०२३ च्या महापुरात नर्मदेने माझी तूर नेली आणि बदल्यात गाळ, थर्माकोल व औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणून ठेवल्या. त्या बाटल्या ओळखायला मला वेळ लागला नाही. त्यांतली काही नावे मी रात्री-बेरात्री, बाहुल्या आकसलेल्या आणि तोंडातून फेस येणाऱ्या मुलांच्या नातेवाइकांकडून ऐकलेली होती. थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले ते औषध आणि ॲट्रोपिनच्या फुटलेल्या कुप्यांचा ढीग, हे चित्र आपल्यापैकी कोणाला नवे आहे?

कयाक या ठिकाणी कामाला येते. काठावर उभे राहिले की आपल्याला आपले शेत दिसते. पाण्यात बसले की ते शेत नदीच्या बाजूने दिसते. आवाज न करता, काठाला लागून, हाताच्या अंतरावरून ती चालते. कुठल्या नाल्याच्या तोंडाशी शेवाळ हिरवेगार झाले आहे, म्हणजे कुठल्या रानातला युरिया वाहून आला आहे, ते तिच्यातून कळते. कुठे कपडे, कुठे सांडपाणी, कुठे मुळांत अडकलेली फवारणीची पाकिटे. माझ्याच शेताच्या खालच्या टोकाला गोठ्याचे पाणी थेट नदीत उतरत होते, हे मला वर्षभर ठाऊक नव्हते. नावेतून पाहिले तेव्हा लाज वाटली. आता काठालगतची वीस हात पट्टी मी नांगरत नाही. तिथे वाळा, बांबू आणि अर्जुन आहेत, आणि गोठ्याचे पाणी खताच्या खड्ड्याकडे वळवले आहे.

युरियाचा उल्लेख मी बालरोगतज्ज्ञ म्हणूनच करतो आहे. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटने तान्ही बाळे निळी पडतात, हे कॉम्ली यांनी अमेरिकेतील आयोवा राज्यातून १९४५ मध्येच दाखवून दिले. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दूध पावडरीत विहिरीचे पाणी मिसळणारी आई समोर येते तेव्हा, पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते, हे आपण तिला सांगतो का?

आता खेळाविषयी. कयाकिंग हा श्रीमंतांचा पर्यटनी चाळा आहे असा आक्षेप एका ज्येष्ठ सहकाऱ्याने घेतला. त्यांनी महेश्वरला जाऊन यावे. धामनोदहून ते फार दूर नाही. तिथल्या सहस्रधारेला काळ्या खडकातून फुटणाऱ्या प्रवाहावर टांगत्या खांबांची दारे बांधून, त्यांतून नाव काढण्याच्या राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा होतात. खांबाला स्पर्श झाला तर दोन सेकंदांचा दंड, दार चुकले तर पन्नासांचा. आपल्या राज्यात २०२३ च्या आरंभी झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतील या प्रकाराच्या शर्यती तिथेच झाल्या. आणि ग्वाल्हेरची प्राची यादव पायांत बळ नसताना भोपाळच्या तलावावर शिकली, २०२१ मध्ये टोकियोला झालेल्या पॅरालिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या पॅरा-आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवले. आपल्याकडे व्यायामोपचारासाठी येणाऱ्या मुलांच्या पालकांना मी आता तिचे नाव सांगतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अपघात झाला तर जबाबदार कोण? उत्तर सरळ आहे. जबाबदार आपण. म्हणूनच माझ्याकडे आता मुलांच्या मापाची सहा जॅकेटे आहेत आणि नाव साखळीने कुलपात असते. ज्या केवटाने त्या मुलाला वाचवले, तो रविवारी पगारावर येऊन मुलांना आधी उथळ पाण्यात तरंगायला शिकवतो. पन्नास हात पोहून दाखवल्याशिवाय वल्हे हातात मिळत नाही. पाच वर्षांखालील मूल काठाच्या कुंपणाच्या आत येत नाही. पावसाळ्यात नाव बंद. आपल्या मंडळाने दरवर्षी जी आरोग्य शिबिरे घ्यायची, त्यांतले एक शहरातल्या सभागृहात न घेता अशा एखाद्या काठावर घ्यावे, बुडालेल्याला श्वास कसा द्यावा ते केवटांना आणि शिक्षकांना शिकवावे, आणि आपल्यातल्या नदीकाठच्या जमीनदारांनी खर्च वाटून घ्यावा, अशी माझी सूचना आहे. कार्यकारिणीने ती हसण्यावारी नेऊ नये.

गेल्या हिवाळ्यात देवासहून दोन डॉक्टर मित्र सपत्नीक आले होते. थंडीची कोवळी सकाळ, पाणी काचेसारखे, आणि सर्वांना नावेत बसायचे होते. तो रखवालदाराचा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. किल्ली त्याच्याकडेच असते. साखळी सोडण्याआधी त्याने खडकावर रंगवलेल्या पांढऱ्या रेघेकडे पाहिले, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पाणी चढतंय. आज नाही." मित्र थोडे नाराज झाले. एकाने त्याला शंभराची नोटही दाखवून पाहिली. त्याने नाव उचलून आणखी दहा पावले वर नेऊन ठेवली, आणि आम्ही सगळे हुरडा खायला शेतात गेलो.