द्राक्षांचा पाक, वाइन आणि पाहुण्याचा विश्वास

द्राक्षांचा हंगाम उतरणीस लागला म्हणजे बागाइतदाराच्या घरीं एक प्रश्न हटकून उभा राहतो. निवडलेले घड पेट्यांत भरून व्यापाऱ्याकडे जातात. देंठापासून सुटलेले मणी मात्र ओसरीवर पाट्यांत पडून राहतात. त्यांस बाजारांत भाव नसतो, परंतु गोडींत ते कमी नसतात. अशा मण्यांचा उपयोग करण्याची एक रीत अलीकडे कांहीं शेतकरी कुटुंबांत शिरली आहे. ती म्हणजे द्राक्षें वाइनमध्यें शिजवून केलेला दाट पाक. फ्रान्सांत नासपती तांबड्या वाइनमध्यें शिजविण्याची चाल जुनी आहे. तिचाच हा आपल्याकडील अवतार होय. नाशिक जिल्ह्यांत द्राक्षें व वाइन दोन्ही होत असल्यानें तो तेथें परका वाटण्याचें कारण नाहीं. या पाकाविषयीं, आणि तो वाढतांना पाळावयाच्या एका नियमाविषयीं, आज चार शब्द लिहीत आहों.

प्रथम कृति सांगतों. काळीं बिनबियांचीं द्राक्षें अर्धा किलो घेऊन धुवावीं. सडके मणी टाकून बाकीचे उभे चिरावे. दोन वाट्या तांबडी वाइन स्टीलच्या पातेल्यांत मंद आंचेवर निम्मी होईपर्यंत आटवावी. बिनकल्हईचें पितळेचें किंवा अ‍ॅल्युमिनियमचें भांडें घेऊं नये. आंबट रसामुळें पाकास धातूची चव येते. वाइनची वाफ पेट घेऊं शकते, म्हणून ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर येऊं देऊं नये. मग पाऊण वाटी साखर, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा व चिरलेलीं द्राक्षें घालून दहा-बारा मिनिटें शिजवावें. पाक चमच्याच्या पाठीवर थर धरूं लागला कीं उतरावा. निवल्यावर तो आणखी दाटतो. चुलीवरच दाट करण्याचा मोह आवरावा. ऊन दुधांत घातल्यास दूध फाटतें, यास्तव गार आइस्क्रीमवर किंवा गोड चक्क्यावर वाढावा. स्वच्छ बरणींत भरून फ्रिजमध्यें ठेवावा व आठवड्याच्या आंत संपवावा.

वाइन मात्र परवान्याच्या दुकानांतूनच आणावी. द्राक्षें घरचीं, तेव्हां घरींच आंबवूं, असा विचार कोणीं मनांत आणूं नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून मद्य तयार करणें गुन्हा आहे. रस आपल्याच बागेचा होता, ही सबब तेथें चालत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या सूनबाईंनीं हा पाक केला होता. शेजारचे एक वृद्ध माळकरी सहज आले, त्यांनाही वाटी दिली. दोन चमचे खाऊन त्यांनीं विचारलें, "पोरी, यांत काय घातलेंस?" ती म्हणाली, "आबा, द्राक्षें आणि थोडी वाइन." त्यांनीं वाटी खालीं ठेवली. आम्हीं घाईनें म्हटलें, "आबा, उकळल्यावर त्यांतलें मद्य सगळें उडून जातें." ते म्हणाले, "जात असेल, भाऊ. पण आधीं विचारलें असतेंत तर बरें झालें असतें." चूळ भरून ते घरीं गेले. रागावले नाहींत; त्याचेंच आम्हांस अधिक लागलें.

आमचें म्हणणें खोटें होतें, हें मागाहून समजलें. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो हें खरें. पण पाण्यांत मिसळलेला असल्यानें तो सगळा निघून जात नाहीं. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या तक्त्याप्रमाणें पदार्थांत घातलेलें मद्य अर्धा तास मंद आंचेवर शिजविलें तरी सुमारें ३५ टक्के, आणि अडीच तासांनींही सुमारें ५ टक्के शिल्लक राहतें.

२०२२ च्या जानेवारींत राज्य मंत्रिमंडळानें सुपरमार्केटांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय केला, तेव्हां मोठा वाद माजला. वाइन म्हणजे दारू नव्हे, असें पुष्कळांनीं सांगितलें. वाइनच्या द्राक्षांस चांगला भाव मिळावा हें आम्हांसही हवें आहे. परंतु ज्या पेयांत शेंकडा बारा-तेरा भाग मद्यार्क असतो, तें मद्यच होय. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली. शेतांत बाजरी उभी असतां सातबाऱ्यावर ऊस लिहिल्यानें ऊस उगवत नाहीं. नोंद मात्र खोटी ठरते, आणि पुढें त्या दप्तरांतील खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवीत नाहीं. शेतकऱ्याच्या मालाचेंही तसेंच आहे.

म्हणून आमचें मत असें कीं, हा पाक ज्यांस चालतो त्यांनीं खुशाल करावा. पण पाहुण्यास आधीं सांगावें, मग वाढावें. मुलांस व गरोदर स्त्रियांस तो देऊंच नये. सर्वांसाठीं करावयाचा असल्यास वाइनऐवजीं काळ्या द्राक्षांचाच रस आटवावा व चार-पांच आमसुलें भिजवून तें पाणी त्यांत घालावें. रंग उतरत नाहीं आणि आंबटपणाही बेताचा येतो. यंदा आम्हीं तोच पाक केला, आबांकडे नेला आणि वाटी पुढें करण्यापूर्वीं त्यांत काय काय आहे तें सांगितलें. त्यांनीं सगळें ऐकून घेतलें, मग चमचा उचलला.