कसला तांबडा?

दिवाळीला आठ दिवस उरले की आमच्या घरी माळ्यावरून गेरूचा डबा खाली येतो. आम्ही राहतो ते घर तिसऱ्या मजल्यावर. अंगण नाही, सारवण नाही. तुळशीची एक कुंडी आणि दाराबाहेरची दीड हात फरशी, एवढेच गेरूचे राज्य. पण खाली तांबडे असल्याशिवाय रांगोळीचे पांढरे उठून दिसत नाही, असे आईचे मत आहे आणि ते खरेही आहे. यंदा डबा उघडला आणि मी एकदम म्हणालो, "आई, हाच तो रंग!"

आईने डबा डोळ्यांजवळ नेला, जरा कडेला धरला आणि विचारले, "हाच म्हणजे कोणता? कोरडा की ओला?"

या प्रश्नाने मला मे महिन्यात नेऊन सोडले.

माझी धाकटी बहीण सिडनीला असते. कॉलेजच्या सुट्टीत तिने मला बोलावून घेतले आणि तिथे गेल्यावर, "दादा, एवढा आलास तर उलुरू बघून जा," म्हणून भाचीला माझ्या जोडीला दिले. ऑस्ट्रेलियाच्या पोटात, सिडनीहून विमानाने तीन-साडेतीन तासांवर, तांबड्या वाळवंटात एकच एक खडक उभा आहे. उंची ३४८ मीटर, घेर नऊ किलोमीटरांहून अधिक. १८७३ साली विल्यम गॉस नावाच्या गोऱ्या पाहणी अधिकाऱ्याने तो पाहिला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे त्या वेळचे मुख्य सचिव सर हेन्री एअर्स यांचे नाव त्याला देऊन टाकले. खडकाला अर्थात त्याआधी हजारो वर्षे नाव होतेच. तिथले मूळ रहिवासी, अनांगू लोक, त्याला उलुरू म्हणत होते आणि आजही म्हणतात.

निघताना आईने मला एकच काम सांगितले होते. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. कडेकडेचे दिसते, नेमके समोरचे पुसट होते. डॉक्टर म्हणतात, आहे ते सांभाळायचे. ती म्हणाली, "फोटो काढ, पण रंग धड येऊ दे. तुझ्या वडिलांसारखे करू नकोस."

याला इतिहास आहे. वडील तरुणपणी रत्नागिरीला एका फोटो स्टुडिओत होते. कृष्णधवल फोटोवर हाताने रंग भरणे हे त्यांचे काम. गिऱ्हाईक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून देई, 'शालू डाळिंबी, काठ मोरपंखी', आणि वडील कापसाच्या बोळ्याने आणि बारीक ब्रशाने ते शब्द फोटोवर चढवीत. म्हणजे रंग कॅमेऱ्याने पाहिलेलाच नसे. तो भाषेतून येई. स्वतःच्या लग्नाचा फोटोही त्यांनीच रंगवला, आणि तो मात्र कुणाला न विचारता, आठवणीवर. शालू डाळिंबी केला. तो डाळिंबी नव्हताच, किरमिजी होता, असे आई पुढे चाळीस वर्षे सांगत राहिली. शालू केव्हाच विरून गेला, वडीलही गेले. फोटोतला डाळिंबी तेवढा अजून टवटवीत आहे.

तर असा वारसा घेऊन मी नवा कॅमेरा गळ्यात अडकवला. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की यंत्रांशी माझे गोत्र कधी जुळलेले नाही.

विमान उतरू लागले तेव्हा खाली जमीन नव्हती, तवा होता. मला वाटले होते, वाळवंट म्हणजे नुसती वाळू. तसे नाही. तांबड्या वाळूवर पिवळट काटेरी गवताचे झुबके, काळपट सालीची झाडे, त्यांची राखी-हिरवी पाने, आणि वर निळे आकाश. ते निळे इतके निळे, की आपल्याकडे एखाद्या विद्यार्थ्याने चित्रात लावले असते तर मास्तरांनी 'पाणी जास्त घाल' म्हणून सांगितले असते. ॲल्बर्ट नामाजिरा या अर्रंटा चित्रकाराची जलरंगांतली चित्रे मी पूर्वी पुस्तकात पाहिली होती. याच मध्य ऑस्ट्रेलियातला १९०२ चा जन्म. रेक्स बॅटरबी या गोऱ्या चित्रकाराला उंटांवरून हिंडवता हिंडवता तो जलरंग शिकला आणि १९३८ साली मेलबर्नला त्याचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. ते जांभळे डोंगर आणि तांबड्या दरडी पाहून मी मनात म्हटले होते, गृहस्थाचा हात जरा सैल आहे. विमानाच्या शिडीवरून उतरताना मी त्याची मनोमन क्षमा मागितली. तसे पाहिले तर त्याची क्षमा मागायला फार मोठी रांग लागली पाहिजे. आपल्याच देशात नागरिकत्वाचे हक्क त्याला १९५७ साली मिळाले. ते नातेवाइकांना नव्हते. त्यांच्यातल्या एकाला दारू पुरवल्याच्या आरोपावरून १९५८ मध्ये त्याला शिक्षा झाली आणि १९५९ मध्ये तो वारला. एवढे मोठे दुःख एवढ्या थोड्या ओळींत आटोपते, ही माझी लाज; पण मला खडकाकडे जायचे आहे.

पहिल्या संध्याकाळी मी साठ-सत्तर फोटो काढले. रात्री खोलीवर पाहतो तो काय, सगळे मळके! समोर निखारा होता आणि आत विटेचा चुरा आला होता. भाचीने फोनवर काढलेले फोटो पाहिले, तर ते उलट. खडक लग्नाच्या मांडवासारखा भडक.

"मामा, तुझा कॅमेरा स्वतःच्या डोक्याने रंग ठरवतोय," ती म्हणाली. सोळा वर्षांची पोर, पण तिने जे समजावले ते मला बी. ए.च्या वर्गात कोणी समजावले नव्हते. कॅमेऱ्याला आपल्यासारखा रंग कळत नाही. समोरचे सगळे रंग एकत्र कालवले तर सरासरी करडा रंग यावा, असे तो धरून चालतो. चार माणसे, झाडे, भिंत, आकाश असे सगळे असले की हा हिशेब बरा जमतो. पण समोर तांबडेच तांबडे असले की त्याला वाटते, उजेडच तांबडा पडला आहे, आणि तो परोपकारी बुद्धीने निळे मिसळून तांबडे मारतो. शिवाय आतल्या टिपकागदावरच्या टिपक्यांत निम्मे हिरव्यासाठी, पाव निळ्यासाठी आणि पावच तांबड्यासाठी. तांबडे फार झाले की ते टिपके काठोकाठ भरतात. मग खडकावरच्या चिरा, पापुद्रे, सावल्या बुडून जातात आणि उरतो तो प्लास्टिकचा डोंगर. उपाय सोपा निघाला. कॅमेऱ्याला 'तू ठरवू नकोस, हा दिवसाचा उजेड आहे' असे सांगून ठेवायचे आणि फोटो जरा अंधारा काढायचा.

मोठमोठेही इथे चुकले आहेत. २० जुलै १९७६ रोजी व्हायकिंग-१ मंगळावर उतरले आणि तिथले पहिले रंगीत छायाचित्र प्रसिद्ध झाले, त्यात आकाश चक्क निळसर होते. पुढे यानावरच्या रंगपट्ट्यांशी ताळा घालून पाहिले तेव्हा ते गुलाबीसर असल्याचे ठरले. माणसाला परक्या घरीसुद्धा आपलेच आकाश दिसते.

आणि मला विचाराल तर डोळाही काही धुतल्या तांदळासारखा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या तांबड्यात हिंडून मी प्रसाधनगृहात शिरलो, तर पांढरे स्वच्छ बेसिन मला हिरवट-निळे दिसले. तांबड्याला सरावलेला डोळाही कॅमेऱ्यासारखाच निळे मिसळून बसला होता. आता यात खरे कोण?

त्यातून खडक स्वतः एका रंगावर टिकत नाही. पहाटे सूर्य येण्याआधी तो वांगी रंगाचा असतो. किरण लागला की कडेने शेंदरी होत येतो. दुपारी नुसता विटकरी, कंटाळलेला. संध्याकाळी मात्र सूर्य क्षितिजाला टेकला की त्याचे किरण हवेच्या कितीतरी लांब थरातून येतात, निळे वाटेत विखरून जाते, तांबडे उरते, आणि ते तांबडे तांबड्यावर पडते. पाच-सात मिनिटांचा खेळ. आमच्या शेजारी पन्नासएक माणसे मोटारींना टेकून उभी होती, गप्पा चालल्या होत्या. त्या पाच-सात मिनिटांत सगळी गप्प झाली.

सर्वांत चकित केले ते एका गुहेने. तिथे खडकाचा आतला रंग दिसत होता, आणि तो करडा होता! वाळूचाच जमून झालेला हा दगड सुमारे पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या गाळाचा; त्यातल्या लोखंडाला वरून गंज चढला आहे. जगभरचे लोक जे पाहायला येतात ती कातडी आहे. वाळूचेही तेच, एकेका कणावर गंजाचा पातळ लेप. आमच्या रत्नागिरीचा जांभा याच कुळातला. गंमत अशी, की जांभ्याचे तांबडे धो धो पावसाने घडवलेले, आणि इथे वर्षाकाठी पाऊस सुमारे ३०० मिलिमीटर. रत्नागिरीला त्याच्या दहापट. गेरू तोच, हिरमुजी तीच. हिरमुजी हा शब्द इराणजवळच्या होर्मुझ बेटावरून आला. तिथली तांबडी माती गलबतांतून आपल्याकडे येत असे. एक चिमूट वाळू पुडीत बांधून आईला न्यावी, असे फार वाटले. पण तिथून काही उचलायची बंदी आहे. बंदी मोडून दगड नेणारे कितीतरी लोक पुढे पश्चात्ताप होऊन ते टपालाने परत पाठवतात, आणि उद्यानाच्या लोकांना ते पार्सल सोडत बसावे लागते.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही खडकाला प्रदक्षिणा घालायला निघालो. प्रदक्षिणा हा माझा शब्द. तिथे त्याला पायथ्याची वाट म्हणतात. वर चढायची सोय आता नाही. अनांगू लोक कित्येक वर्षे 'चढू नका' म्हणून विनवीत होते. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी जमीन त्यांच्या नावे परत झाली आणि बरोबर चौतीस वर्षांनी, २०१९ साली त्याच तारखेला, चढण कायमची बंद झाली. एका वळणावर सूर्य वर आला आणि खडकावर असा काही रंग उतरला की मी धावत चार पावले पुढे जाऊन फोटो काढला. एकच. मागच्या पडद्यावर पाहिला आणि अंगावर काटा आला. मळका नाही, भडक नाही. जसा होता तसा. तीन दिवसांत पहिल्यांदा वाटले, आईपुढे ठेवायला काही मिळाले.

"मामा," भाची मागून म्हणाली, "पाटी वाचलीस का?"

मी पाटी मागे टाकून आलो होतो. या भागाचे छायाचित्र घेऊ नये, अशी विनंती होती. विनंतीच, आजूबाजूला पहारेकरी नव्हता. खडकावरच्या इथल्या खुणा अनांगूंना पोथीसारख्या आहेत. त्या जागच्या जागीच आणि ज्यांना अधिकार आहे त्यांनीच पाहायच्या. काही जागा फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या. फोटो काढला की तो कुठल्याही घरात, कुणाच्याही डोळ्यांपुढे जाऊन पडणार.

मी वाद घातला नाही असे नाही. भाचीशी घातला. म्हटले, मला त्या खुणांतले ओ की ठो कळत नाही, मी फक्त रंग घेतला आहे. आजीला तर फोटोतले धड दिसणारही नाही. तिच्याकडून कोणाचे काय गुपित फुटणार? भाची म्हणाली, "दत्ताच्या देवळात आजी तुला गाभाऱ्याचा फोटो काढू देईल?"

मी बाकावर बसलो. बराच वेळ तो फोटो पाहत राहिलो. पाहत राहिलो हेही चुकलेच. मग पुसून टाकला. यंत्राने सभ्यपणे विचारले, नक्की ना? मी पुन्हा बटण दाबले. पुढे त्याच वाटेवर, जिथे मनाई नव्हती तिथे, मी आणखी वीस फोटो काढले. ते चांगले आहेत.

घरी आल्यावर भावाने ते टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावले. आई खुर्ची तिरकी करून, मान वळवून कडेने पाहू लागली. जरा वेळाने म्हणाली, "तांबडे आहे एवढे कळते. कसला तांबडा ते तू सांग."

वीस वर्षे मुलांना मराठी शिकवतो आहे. शेंदरी म्हटले, कुसुंबी म्हटले, विटकरी म्हटले. ती प्रत्येकाला "असेल" म्हणाली. चार दिवस हे चालले आणि मग विषय राहून गेला, तो परवा गेरूच्या डब्यापाशी निघाला. मी वाटीत थोडा गेरू घेतला, पाणी घातले, फरशीवर बोटाने एक पट्टा ओढला आणि शेजारी कोरडी चिमूट टाकली.

"दुपारी हा कोरडा," मी म्हणालो, "आणि संध्याकाळी सूर्य टेकला की हा ओला. पण आतून दिवा लावल्यासारखा."

आईने ओल्या पट्ट्यावर बोट फिरवले. "माझा शालू असाच होता," ती म्हणाली. "जरासा जांभळ्यावर." मग म्हणाली, "आणि तू पुसलास त्या फोटोत काय होते रे?"

मी तोंड उघडले आणि थांबलो. तिला ते लगेच उमगले. "बरे, राहू दे," ती म्हणाली. "सूर्य गेल्यावर काय झाले ते सांग."

मी दुसरा पट्टा ओढायला घेतला आणि सांगू लागलो.