गाडीत ना गारवा, ना ऊब
प्रश्न : आमच्या पेट्रोल गाडीत उन्हाळ्यात गारवा कमी आणि थंडीत हीटरही कोमट. गॅस भरून घ्यावा का?

उत्तर : घाई करू नका. आधी पंखा पूर्ण वेगावर लावा. हवाच कमी येत असेल, तर बहुधा केबिन फिल्टर धुळीने तुंबला आहे, तो बदला. हवा जोरात येऊनही गार नसेल, तर कंडेन्सर साफ करून गळती तपासून घ्या. गॅस वापरून संपत नाही. गळती न काढता भरला, तर पैसे वाया जातात. हीटर इंजिनच्या गरम कूलंटवर चालतो. तो कोमट असेल, तर इंजिन थंड असताना कूलंटची पातळी पाहा, थर्मोस्टॅटही तपासा. तापमानाचा काटा चढू लागला, तर गाडी लगेच थांबवा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नका. उकळते पाणी अंगावर उडते.