वॉशरचे पैसे आणि शोधण्याचे पैसे

जुनी डिझेल पिकअप स्लोला बंद पडत असेल तर आपल्याकडे तिच्यावर एक सर्वमान्य इलाज आहे. बॉनेट उघडायचं, पंपावरचा आयडलचा स्क्रू अर्धा आटा पिळायचा, रेस वाढवायची आणि "झालं बघा" म्हणायचं. गाडी बंद पडायची थांबते, गिऱ्हाईक खूश, मिस्त्री मोकळा. माझं स्पष्ट मत असं की हा इलाजच नव्हे. सर्व्हर लटकतोय म्हणून रोज रात्री रीस्टार्ट लावून ठेवणं आणि हे, दोन्ही एकाच माळेचे मणी.

आता तुम्ही म्हणाल, हिंजवडीत बसून कोड पाडणाऱ्याला पिकअपचं काय पडलंय? पडलंय. आमचं गाव तासगाव तालुक्यात, आणि माझ्या मावसभावाचं घर एका जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या पिकअपवर चालतं. हंगामात द्राक्षं, एरवी बेदाणा, हळद, जे मिळेल ते भाडं घेऊन तो पुण्याला येतो. गेल्या हंगामात ही गाडी तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर अशी प्रत्येक टोलनाक्याच्या रांगेत बंद पडायला लागली. ॲक्सिलरेटरवर पाय असेपर्यंत ठणठणीत, पाय काढला की दोन गचके आणि शांत. त्याने तीन ठिकाणी दाखवली. एकाने स्क्रू पिळला. दुसऱ्याने नोझल बदलले. तिसरा म्हणाला, पंपच उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल. तो आकडा ऐकून मला फोन आला, "दादा, तू इंजिनिअर ना?" (सॉफ्टवेअर की डिझेल, असले फालतू फरक गावाकडे कोणी मानत नाही :-))

तर मुद्दा असा की, गाडी नेमकी स्लोलाच का मरते? डिझेल इंजिनाचा वेग ठरतो तो आत किती डिझेल जातं त्यावर. पाय काढल्यावर इंजिन सांभाळायचं काम गव्हर्नरचं. वेग पडला की डिझेल वाढव, वेग चढला की कमी कर. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरते गोळे लावले ते हेच काम करायचे, आणि १८६८ मध्ये मॅक्सवेलने यावर चक्क गणिती निबंध लिहिला. आपण ज्याला फीडबॅक लूप म्हणतो त्याचा हा खापरपणजोबा. स्लोला प्रत्येक स्ट्रोकमागे एका सिलिंडरला मिळणारं डिझेल म्हणजे मोहरीचे दोन-चार दाणे. त्यात हवेचा एक बुडबुडा आला की त्या सिलिंडरचं जेवण हुकलं. रेस असताना तोच बुडबुडा खपून जातो. म्हणजे स्लो ही गाडीची सगळ्यात कडक परीक्षा आहे. स्क्रू पिळणं म्हणजे पोरगं नापास होतंय म्हणून पेपर सोपा काढणं.

पण हवा शिरते कुठून? डिझेल तर कुठे गळताना दिसत नाही! इथेच शहरी माणूस फसतो आणि सांगलीचा शेतकरी फसत नाही. विहिरीवरच्या पंपाचा सक्शन पाइप फुटला तर पाणी बाहेर गळत नाही, पंप हवा ओढतो आणि पाणी उचलायचं सोडतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची डिझेल लाइन अशीच ओढीची. गाडी चालू असताना तिथलं भोक बाहेर गळत नाही, आत हवा घेतं. मिस्त्री लोक म्हणतात, "गाडी एअर धरतीय." हे ज्ञान या भागात जुनं आहे. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, पुढे साताऱ्याच्या कूपरनेही डिझेल इंजिनं बनवली. विहिरीवरच्या इंजिनाची एअर काढणारे आजोबा आमच्याकडे घरोघरी होते.

मग फोनवरून आम्ही जे केलं ते सरळ बायनरी सर्च होतं. आधी फुकटातलं: टाकीचं झाकण सैल करून बघ. झाकणाचा श्वास कोंडला तर टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल यायला कुरकुरतं. फरक पडला नाही. फिल्टरमधलं पाणी काढ. थोडं निघालं, पण गाडी तशीच. मग मधोमध घाव. टाकीची लाइन सोडव, स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घे, कॅन जरा उंचावर ठेव आणि नव्या नळीने थेट फीड पंपाला दे. एअर काढून गाडी चालू केली, तर स्लोला अर्धा तास घड्याळासारखी चालली! म्हणजे पंप, नोझल, कॉम्प्रेशन सगळे निर्दोष सुटले, आरोपी टाकीच्या बाजूला. (इथे उलटं झालं असतं, म्हणजे कॅनवरही गाडी मेली असती, तर पंपवाल्याकडे जाणं योग्यच होतं. आणि फक्त गरम झाल्यावरच मरत असती तर झिजलेल्या पंपावर संशय आणखी पक्का, कारण तापलेलं पातळ डिझेल आतल्या आत निसटतं.) शेवटी जुनी लाइन परत जोडून फीड पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा तुकडा घातला, तर बुडबुड्यांची रांग. उलटं मागे जाता जाता सापडला मधल्या गाळणीच्या सांध्यावरचा तांब्याचा चेपलेला वॉशर. किंमत सांगण्यासारखी नाही.

आणि हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. पेट्रोल इंजिनासारखी ब्रेकच्या बूस्टरला लागणारी व्हॅक्युम डिझेल इंजिनात फुकट मिळत नाही, त्यासाठी इंजिनावर चालणारा वेगळा पंप असतो. इंजिन मेलं की साठलेल्या व्हॅक्युमवर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, मग पेडल दगड. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे ड्रायव्हर काही कमी नाहीत. न्यूट्रलमध्ये इंजिन स्लोवर येतं, आणि स्लोला मरणारी गाडी नेमकी तिथे मरते. मागे दीड टन द्राक्षं, समोर खंबाटकीचा उतार. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उताराबद्दल तर पुणेकरांना काही सांगायलाच नको. स्क्रू पिळल्याने हवा शिरायची थांबत नाही, फक्त तिची बातमी यायची थांबते.

मग मिस्त्री स्क्रू का पिळतो? त्याला काही येत नाही म्हणून? मुळीच नाही. त्याने दोन तास घालवून वॉशर शोधला असता आणि पाचशे रुपये मागितले असते, तर आपण काय म्हटलं असतं? "एका वॉशरचे पाचशे?" तेच पंप ओव्हरहॉलचे हजारो रुपये माणूस कुरकुरत का होईना देतो, कारण हातात बिल आणि जुने पार्ट मिळतात. नव्या गाड्यांना स्कॅनर लावला की त्याचे पैसेही निमूट देतो, कारण मशीन दिसतं. डोकं दिसत नाही. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम कोण कशाला करेल? शिवाय गिऱ्हाईक डोक्यावर उभं, गाडीत नाशवंत माल. स्क्रू हा दोघांनी मिळून केलेला समझोता आहे.

आणि मंडळी, हे आपल्याला तरी कळायला हवं. आपण दोन दिवस लॉग चाळतो, शेवटी एक ओळ बदलतो आणि महिन्याचा पगार पूर्ण घेतो. "एका ओळीचे एवढे?" असं मॅनेजर विचारत नाही (निदान तोंडावर तरी). ओळ बदलणं सोपं असतं, कुठली बदलायची हे कळण्याचे पैसे असतात. मग हा न्याय ग्रीस लागलेल्या हातांना का नाही?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. तुमची असो, गावाकडच्या भावाची असो, गाडी दाखवायला नेलीत की आधी लक्षणं नीट सांगा: गार असताना की गरम, रात्रभर उभी राहिल्यावर स्टार्टर जास्त मारावा लागतो का, टाकी किती भरलेली असते. आणि मग विचारा, "शोधायचे किती घेणार?" दोष पाच रुपयांचा निघाला तरी ते पैसे द्यायचे, हसत द्यायचे. मावसभावाने त्या कॅनच्या खटाटोपात तासभर हातभार लावणाऱ्या गावातल्या मिस्त्रीला चारशे रुपये दिले. त्याचं म्हणणं, नुसतं शोधल्याबद्दल पैसे देणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.