कौतुक झाले, पासिंगचे काय?

यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून ठाऊक असलेले देवराष्ट्रे डिसेंबर २०२१ मध्ये एका गाडीमुळे देशभर गाजले. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातल्या या गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सुटे भाग जमवून सुमारे ६०,००० रुपयांत छोटी जीप उभी केली होती. दिसायला जीप, पण चालू करायची दुचाकीसारखी किक मारून. तिची चित्रफीत महिंद्रा समूहाच्या आनंद महिंद्रांपर्यंत पोहोचली. गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवतील, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहारांच्या दारात आली आणि किकची जीप कंपनीकडे गेली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या योग्यच होत्या. तरी एक गोष्ट खटकते. कारागिराचा मान राखायचा म्हणून त्याची गाडी रस्त्यावरून उचलावी लागली. देणाऱ्याचा हात मोठा होता, घेणारा समाधानी होता, पण त्यामागून येणाऱ्यांसाठी काहीच बदलले नाही. आणि सांगली-साताऱ्यात मागून येणारे कधी संपत नाहीत.

त्याला कारण आहे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना थाटला. साताऱ्याकडे धनजीशा कूपरांनी नांगर आणि इंजिने बनवली. लोखंडाशी दोस्ती असलेल्या पिढ्या या दोन जिल्ह्यांत वाढल्या. उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रांगेतले ट्रॅक्टर पाहा. गोंडे, नावे, घडवून घेतलेले बंपर, मडगार्डवरची नक्षी असे काही ना काही प्रत्येकावर असते. कोणी कोणाकडून काम करून घेतले याची चर्चा त्या रांगेत रात्रभर रंगते. एके काळी प्रवासी भरून नेणाऱ्या वडापच्या जीपला मागे वाढवून दोन बाकडी कशी बसवायची, हेही इथल्या गॅरेजवाल्यांना कुणी शिकवले नव्हते. (त्या बाकड्यांवर किती माणसे कोंबली जात, तो विषय वेगळा.)

बॉडी बांधणे ही कला जगातही अशीच जन्मली. सुरुवातीच्या काळात उंची मोटारींच्या कंपन्या चासी आणि इंजिन विकत, आणि वरची बॉडी गिऱ्हाईक दुसऱ्या कारागिराकडून आपल्या पसंतीने बांधून घेई. आपल्या संस्थानिकांच्या मोटारी अशाच सजल्या. चासी आणि बॉडी एकसंध करण्याची पद्धत रुळली, १९३४ च्या सित्रोएनने ती मोठ्या प्रमाणावर आणली, आणि त्या कारागिरांचा धंदा आटत गेला. टिकले ते थोडे. १९३० मध्ये तुरीनला सुरू झालेली पिनिनफारिना त्यांतली एक. तिने बांधलेली चिसितालिया २०२ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ च्या प्रदर्शनात मांडली. गंमत अशी की २०१५ मध्ये ही पिनिनफारिना महिंद्रा समूहानेच घ्यायची ठरवली. म्हणजे देवराष्ट्रेची जीप आणि तुरीनची पेढी आज एकाच घरात आहेत. फरक एवढाच, की चिसितालिया लोकांनी विकत घेतली, रस्त्यावर पळवली आणि मग ती संग्रहालयात गेली. आपल्याकडे गाडी रस्त्यावर रुळण्याआधीच कंपनीकडे जमा झाली.

या कामाची पारख असलेला माणूस गाडी लांबून बघत नाही. चांगला डेंटर पत्र्याखाली डॉली धरतो, वरून हलक्या हाताने हातोडी चालवतो आणि दर चार-सहा ठोक्यांनी थांबून तळहात फिरवतो. डोळ्याला न दिसणारा खळगा हाताला लागतो. पुट्टी थापून तो खळगा लपवता येतो, आणि गिऱ्हाइकाला कळतही नाही. जो लपवत नाही त्याच्याकडे शौकीन लांबून येतात. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत चासीवर बॉडी चढवणाऱ्यांनीही हीच विद्या दशकानुदशके जपली.

आता दुसरी बाजू. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ म्हणते, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा लावली. हे जाचक वाटते, पण त्यामागे तथ्य आहे. वेल्डिंगचा सांधा बाहेरून गुळगुळीत असतो आणि आतून पोकळ असू शकतो. तो कुठे तुटेल, हे खंबाटकीच्या उतारावर कळून उपयोग नाही. गाडी बनवणारा स्वतःचा जीव पणाला लावतो हे ठीक, पण समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला कुणी विचारलेले नसते. आरटीओचा निरीक्षक ‘होऊन जाऊ दे’ म्हणून सही करू लागला, तर तो कारागिरीचा सन्मान ठरणार नाही.

शिवाय मॉडिफाय केलेली प्रत्येक गाडी म्हणजे कला नव्हे. बुलेटचा सायलेन्सर बदलून रात्री अकराला गल्ली दणाणून सोडणाऱ्याला आणि महिनोन्‌महिने एका मडगार्डची गोलाई घासणाऱ्याला एकाच मापाने मोजणे हा दुसऱ्याचा अपमान आहे. कायदा आज तेच करतो. आमची तक्रार नेमकी इथे आहे.

कारण शौकाची कदर करायची असली की सरकारला वाट सापडते. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली. रोजच्या वापराला आणि धंद्याला मनाई केली, पण गाडी जिवंत ठेवली. ब्रिटनमध्ये एकट्या गाडीची तपासणी करून ती रस्त्यावर आणायची सोय आहे. अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने जुन्या घाटाच्या गाड्या बनवणाऱ्या छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५ गाड्यांची मुभा दिली. आपल्याकडे पासिंगची वाट पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थांतून जाते. ती कारखान्यांसाठी आखलेली आहे. ६०,००० रुपयांत गाडी बांधणारा त्या दारात उभाही राहू शकत नाही.

एकट्या गाडीची सवलत दिली की उद्या कुणी दहा गाड्या बांधून वडापला लावील, ही शंका रास्त आहे. म्हणूनच अटी कडक हव्यात. एका माणसाला एकच गाडी, भाडे घ्यायला बंदी, महामार्गावर बंदी, वेगाला मर्यादा आणि सक्तीचा विमा. आणि तपासणीत तडजोड नको. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे आणि वेल्डिंग यांवर गाडी नापास झाली, तर ती अंगणातच राहील.

पहिल्या टप्प्याची तपासणी पुण्यालाच व्हायला हवी असे नाही. सांगलीचे वालचंद आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आपल्या दारात आहेत. विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांच्या बाहा स्पर्धेत चारही चाके एकदम जाम झाल्याशिवाय गाडी ब्रेकच्या चाचणीत पास होत नाही. तीच कसोटी गावच्या गाडीला लावायला अडचण काय?

नियम करण्याचा अधिकार कायद्याने केंद्राला दिलेलाच आहे, त्यासाठी संसदेत जाण्याची गरज नाही. सांगली आणि साताऱ्याच्या खासदारांनी हा प्रश्न परिवहन मंत्रालयाकडे लावून धरावा, आणि एमएच-१० व एमएच-११ या दोन कार्यालयांत प्रायोगिक नोंदणी सुरू करण्याची मागणी करावी.